रस्त्यात सांडलेलं गाणं

“अहो, आवाज जरा कमी करा त्याचा,” बायको फाटकातून म्हणाली.

“हो हो, हळूच नेईन,” टूंमास्तर म्हणाले आणि त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

बायकोने आपल्या वडिलांकडे पाहिलं. वडील स्कूटरच्या मागच्या सीटवर ताठ बसले होते. त्यांनी डोळ्यांनीच ‘मी आहे, तू काळजी करू नकोस’ अशी खूण केली. हँडलवर आरशाशेजारी इलॅस्टिकच्या पट्ट्याने बांधलेला तांब्याएवढा गोल स्पीकर तेवढ्या वेळात समोरच्या तीन घरांच्या खिडक्या उघडवून बसला होता. त्यातली एक खिडकी धाडकन बंद झाली. टूंमास्तरांनी तिकडे बघून हात हलवला. त्यांना वाटलं, कुणीतरी निरोप देतंय.

टूंमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कानाच्या दवाखान्यात ते कान तपासायचं यंत्र चालवत. पेशंटला बंद खोलीत काचेच्या खिडकीआड बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, “टूं ऐकू आलं की दाबा. कितीही बारीक असू दे, टूं म्हणजे टूं.” वर्षानुवर्षं हेच एक वाक्य बोलल्यावर माणसाचं दुसरं नाव कोण लक्षात ठेवणार? डॉक्टरबाईसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायच्या.

कामाची जागा अशी की टाचणी पडली तरी तिने माफी मागावी. घरी आल्यावर बायको बालवाडीतल्या तीस पोरांच्या कलकलाटातून सुटून आलेली, तिला कुणाचाही आवाज नको असायचा. त्यामुळे गाणी ऐकायला मास्तरांना जगात एकच ठिकाण उरलं होतं, ते म्हणजे स्कूटर. पण कानात इअरफोनची बोंडं कोंबून हिंडणाऱ्या पेशंटांना ते रोज दम देत. “कानाचं वाटोळं करायला बाकी काही सापडलं नाही का?” असं विचारत. मग स्वतः बोंडं घालणार कोणत्या तोंडाने? म्हणून हा स्पीकर. दुकानदाराने तो फोनला जोडून दिला होता, आणि गाडी चालवताना फोनला हात लावायला नको म्हणून, फोन आला की स्पीकरने आपला आपण उचलावा अशी सोयही करून दिली होती. मागे कुणी बसलेलं असलं की मास्तर फोन त्याच्याकडे देत. आज तो सासऱ्यांच्या शर्टाच्या खिशात होता. बायकोला हे ठाऊक होतं, स्पीकरची ती सोय मात्र नव्हती.

सासरे म्हणजे निवृत्त तारमास्तर. आयुष्यभर कट्ट-कडकट्ट ऐकून त्यांनी लोकांच्या जन्ममरणाच्या बातम्या कागदावर उतरवल्या होत्या. एक ठिपका इकडचा तिकडे झाला नाही, हे ते अजून सांगत. अशा माणसाला ‘तुम्हाला कमी ऐकू येतं’ म्हणायची छाती कुणाची? मास्तरांना मात्र बरेच दिवस संशय होता. आणि गेल्या पंधरवड्यात तो पार पक्का झाला. कारण सासरे एकाएकी ठार बहिरे झाले. मीठ मागितलं की वर्तमानपत्र द्यायचे. दाराची बेल वाजली की घड्याळाकडे बघायचे. उठताबसता कानाला हात लावून “आँ? काय म्हणालात?” चालू झालं. आणि नवल म्हणजे स्वतःहूनच म्हणाले, “जावईबापू, तुमच्या त्या टूंसमोर एकदा बसवा मला.”

“मी म्हणत नव्हतो?” मास्तर त्या दिवशी बायकोला म्हणाले. “बाबांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून गप्प होतो इतकंच. कान जायला लागला की माणसाला स्वतःला कधी कळत नाही. रोज बघतो मी.”

“खरंय,” बायको म्हणाली. “अगदी खरं बोललात.”

तर असे दोघे निघाले. दुपार उतरत होती, रस्ता मोकळा होता. स्पीकरमधून एक गायिका तारसप्तकात कुणाची तरी वाट बघत होती आणि मास्तर हेल्मेटच्या आतून तिला साथ देत होते. मास्तरांचा गळा बरा होता. फक्त ते पुढच्या ओळीत गेले तरी गायिका आधीच्याच ओळीत असायची, पण त्याने दोघांचंही काही अडत नव्हतं. सासरे मागे बसून दोन्ही बाजूंचे लोक वळून बघतायत हे बघत होते.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मास्तर सगळ्यांच्या पुढे, पांढऱ्या पट्ट्याला चाक टेकवून थांबले. डावीकडे मागे भलं मोठं खोकं बांधलेली एक पार्सलवाली बाई होती. उजवीकडे मोटारीत एक कुटुंब. मागे पाचपन्नास गाड्या. आणि गायिका ऐन लकेरीत असताना मध्येच गप्प झाली. स्पीकर खरखरला, आणि बालवाडीच्या शेवटच्या रांगेतल्या पोराला दटावून सरळ बसवू शकणारा आवाज चौकात घुमला.

“हॅलो, बाबा? तुम्ही फक्त हं-हं करा, बोलू नका काही. त्यांना अजून कळलं नाही ना?”

सासऱ्यांनी छातीशी खिसा चाचपला. फोन त्यांच्या खिशात होता, पण आवाज तिथून येत नव्हता. आवाज सगळीकडून येत होता.

“मी डॉक्टरबाईंशी बोलून ठेवलंय पुन्हा,” आवाज म्हणाला. “आधी तुम्हाला खोलीत बसवल्यासारखं करतील. मग म्हणतील, मास्तर, यंत्र बिघडलंय वाटतं, तुम्हीच बसून बघा एकदा. अशी यांची टेस्ट करून घ्यायची. तोवर तुम्ही बहिरेपणा सोडू नका. छान करताय तुम्ही.”

मोटारीची काच खाली आली. पार्सलवालीने मान वळवून एकदा स्पीकरकडे आणि एकदा मास्तरांकडे पाहिलं. मास्तर समोरच्या दिव्याकडे बघत बोटांनी हँडलवर ताल धरून होते. बायकोचा फोन आहे एवढं त्यांना कळलं होतं. ‘बाबा’, ‘डॉक्टरबाई’, ‘बहिरेपणा’, ‘टेस्ट’ हे शब्दही पोचले होते. कुठल्याही वाक्यातले चार शब्द मिळाले की बाकीचं वाक्य मास्तर स्वतः बांधत. ही कला त्यांना कधी साधली ते त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. बायको बाबांना धीर देतेय, हे वाक्य त्यांनी बांधलं आणि ते निर्धास्त झाले.

“अगं, मी आहे ना!” ते स्पीकरकडे तोंड करून ओरडले. पण तेवढ्यात मागच्या ट्रकने इंजिन रेटलं आणि पलीकडे काहीच पोचलं नाही.

सासऱ्यांनी खिशातून फोन काढला. तारेच्या यंत्रावर एकच दांडी असायची. इथे नुसतीच काच. त्यांनी ती चार ठिकाणी दाबली, काहीही झालं नाही. मग त्यांनी जावयाच्या काखेखालून हात पुढे घातला आणि तळहाताने स्पीकरचं तोंड दाबायला सुरुवात केली.

मास्तरांनी तो हात पाहिला. त्यांना भरून आलं. म्हाताऱ्याला स्वतःच्या मुलीचा आवाजही नीट ऐकू येईना, म्हणून बिचारा चाचपतोय! “ऐकू येत नाहीये का, बाबा?” ते म्हणाले. “थांबा, वाढवतो.” आणि त्यांनी आवाज होता तेवढा सगळा वर चढवला.

“बाबा, मला खरंच भीती वाटते हो,” स्पीकर आता चौकाच्या चारही रस्त्यांना सांगू लागला. “त्या दिवशी मी मागे बसले होते. अँब्युलन्स मागून बोंबलत होती आणि हे आपले गाणं म्हणत मधोमध चाललेले. ती अगदी खांद्याला येऊन भिडली तेव्हा दिसली त्यांना. सांगायला गेले तर म्हणतात, हल्ली अँब्युलन्सवाले सायरनच लावत नाहीत! मी सांगून ऐकणार नाहीत हे. दुसऱ्यांचे कान तपासणारा माणूस. त्याला कसं म्हणू, तुझा कान गेलाय म्हणून?”

चौक हसायला लागला होता, तो या वाक्याला थांबला. मोटारीतल्या आजीबाईंनी ‘च्च’ केलं.

एवढ्यात चौकातला वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत येऊन ठेपला. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली त्याने पाहिल्या होत्या, पण संसार मोठ्या आवाजात लावून चाललेली स्कूटर त्याच्या नोकरीत पहिलीच. “काय लावलंय हे? बंद करा आधी!” तो मास्तरांवर खेकसला.

“हो, नंद!” मास्तर हसून म्हणाले. स्पीकरवर ‘नंद’ हे कंपनीचं नाव छोट्या अक्षरांत होतं. “चांगली कंपनी आहे, साहेब. पावसात भिजला तरी चालतो.”

पोलीस त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने मागच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने हात जोडले.

“बाबा, हे हसत कोण होतं मघाशी?” स्पीकरमधून आवाज आला. “बाबा? कुणी आहे का तिथे?”

पोलीस स्पीकरजवळ वाकला. “बाई, मी वाहतूक पोलीस बोलतोय. बाबा इथेच आहेत. पण तुमचं सगळं बोलणं अख्ख्या चौकाने ऐकलंय.”

पलीकडून अगदी बारीक आवाज आला. “आणि ह्यांनी?”

पोलिसाने मान वर करून पाहिलं. मास्तर हेल्मेटची काच रुमालाने पुसत होते.

“त्यांनी नाही,” पोलीस म्हणाला.

“अगं बाई,” स्पीकर म्हणाला आणि फोन बंद झाला. लगेच गायिका परत आली आणि तिने राहिलेली लकेर पुरी केली.

दंडाची पावती काढायला पोलिसाचा हात खिशाकडे गेला होता. तो मध्येच थांबला. त्याने मास्तरांच्या खांद्यावर थोपटलं आणि हातवारे करत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “जपून... जा... काका.” मास्तर सद्गदित झाले. वयोवृद्ध माणूस मागे बसलेला बघून पोलिसालाही पाझर फुटतो, जग काही इतकं वाईट नाही, असा विचार करत त्यांनी हिरवा दिवा लागताच कान पिळला. कान म्हणजे स्कूटरचा.

स्कूटर जोरात सुटली. सासऱ्यांचा हात अजून स्पीकरवरच होता. एका झटक्यात इलॅस्टिकचा पट्टा ताणला गेला, सासरे मागे कलंडता कलंडता वाचले आणि स्पीकर त्यांच्या बोटांतून निसटून रस्त्यावर टप्पे खात पार्सलवालीच्या चाकाशी जाऊन थांबला. तिथे तो थोडा वेळ गात राहिला. स्कूटर लांब गेली तसं त्याने एकदा ‘टूडूक’ केलं आणि तो मुका झाला.

“पडला! पडला!” सासरे ओरडले.

“कडेला?” मास्तर म्हणाले. “कडेनेच चाललोय, बाबा.”

“अहो, स्पीकर! स्पीकर!”

“उशीर कसला? वेळेत पोचतो बघा.”

आणि मास्तर गाऊ लागले.

सासरे आधी वैतागले. मग ते ऐकत राहिले. मास्तरांनी चालू गाणं संपवलं. जरा दम खाल्ला. मग पुढचं गाणं, त्याच्या सुरुवातीला वाजणाऱ्या बासरीसकट, सुरू केलं. स्पीकरमधल्या गाण्यांचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. हँडलवर इलॅस्टिकचा रिकामा पट्टा वाऱ्यावर फडफडत होता आणि मास्तर त्या न वाजणाऱ्या बासरीला मान हलवून दाद देत होते.

गेल्या पंधरवड्यात सासऱ्यांना हे नाटक मजेचं वाटलं होतं. जावयाने मीठ मागावं आणि आपण वर्तमानपत्र द्यावं, यात त्यांना तारखात्यातून निवृत्त झाल्यापासून आली नव्हती इतकी गंमत आली होती. ती आता गेली. त्यांनी जावयाची पाठ घट्ट धरली.

मागे पार्सलवालीने स्पीकर उचलून खोक्यावर ठेवला आणि त्यांच्यामागे गाडी सोडली. ती हॉर्न वाजवत होती. तिचं बघून मोटारवाल्यानेही वाजवला. चौकात दुसऱ्या पोलिसाला उभं करून पहिला पोलीस आपल्या मोटारसायकलवरून निघाला. त्याने तर सायरनच लावला. ही मिरवणूक बघून रस्त्यावरच्या गाड्या भराभर बाजूला झाल्या. मास्तरांना समोरचा रस्ता एकदम मोकळा मिळाला आणि त्यांनी आनंदाने वेग वाढवला.

“थांबा!” सासऱ्यांनी त्यांच्या हेल्मेटवर टकटक केली. “जावईबापू, थांबा!”

“लांब कुठलं? हे काय, आलंच.”

आणि खरंच आलं. दवाखान्याच्या फाटकाशी मास्तरांनी स्कूटर उभी केली, हेल्मेट काढलं आणि सवयीने स्पीकर बंद करायला हँडलकडे हात नेला.

हात पट्ट्यावर पडला. त्यांनी दुसऱ्या बाजूच्या आरशामागे पाहिलं. पायाशी पाहिलं. तेवढ्यात पोलीस येऊन थांबला, त्याच्यामागे पार्सलवाली, तिच्यामागे मोटार. सायरन अजून चालू होता आणि पोलिसाने तो बंद केला. मास्तरांना दिसलं ते एवढंच, की गाडीवरचा लाल दिवा फिरायचा थांबला.

“काका, किती हॉर्न मारले आम्ही!” पार्सलवाली धापा टाकत म्हणाली. आता हेल्मेट नव्हतं, ती समोर उभी होती, त्यामुळे मास्तरांना सगळं ऐकू आलं. तिने स्पीकर पुढे केला. त्याचा एक गाल खरवडला होता. “तुमचा हा पार चौकात पडला होता.”

“चौकात?” मास्तर म्हणाले. “छे, छे. आत्ता इथे पडला असेल. वाजत होता की.”

मोटारीतल्या आजीबाईंनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मास्तरांनी सासऱ्यांकडे पाहिलं.

“बाबा, गाणं कधी बंद झालं?”

सासऱ्यांना एकदा वाटलं, कानाला हात लावून ‘आँ?’ करावं. पण ते त्यांना जमलं नाही. “चौकातच, जावईबापू,” ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. “त्यानंतर तुम्हीच म्हणत होतात.”

मास्तर स्कूटरच्या सीटवर टेकले. आता आपला झाला असेल तसा चेहरा त्यांनी फार पाहिला होता. काचेच्या पलीकडून. नातेवाईक गळ घालून घेऊन आलेले, ‘मला काही झालेलं नाही, हीच हल्ली पुटपुटते’ असं म्हणणारे, आणि तपासणी झाल्यावर हातातल्या बटणाकडे बघत बसलेले लोक. त्यांना पाणी द्यायचं आणि घाई करायची नाही, हे मास्तरांनीच नव्या नर्सला शिकवलं होतं.

“बाबा, तुम्हाला चांगलं ऐकू येतं,” ते म्हणाले.

“तारेतला माणूस आहे मी.”

“मग हे पंधरा दिवस?”

“मुलीने सांगितलं. तुम्ही एरवी टेस्टला बसला नसतात हो.”

मास्तरांनी मान हलवली. मग ते पोलिसाकडे वळले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, जणू बेड्याच पडणार होत्या. “साहेब, सायरन लावला होतात का?”

“लावला होता ना.”

“मग करा काय करायचं ते.”

पोलीस अवघडला. त्याच्या पुस्तकात वेगाचं कलम होतं, आवाजाचं होतं, हे नव्हतं. “आधी आत जाऊन या,” तो म्हणाला. “आणि आजपासून गाडीवर हे गाणंबिणं चढ्या आवाजात नाही. दिसलं तर मी स्पीकर जप्त करीन. तुमच्या मंडळींनाही सांगून ठेवा, त्यांचा आवाज ओळखतो मी आता.”

डॉक्टरबाई दारातच सजून उभ्या होत्या, म्हणजे नाटकाच्या तयारीने. “या या, बाबा! बसा आत,” त्या सासऱ्यांना नको इतक्या मोठ्याने म्हणाल्या. “आणि मास्तर, आज यंत्रात काहीतरी गडबड वाटतेय हं. मला वाटतं, आधी तुम्हीच एकदा...”

“बाई,” मास्तर म्हणाले, “यंत्र उत्तम आहे. सकाळीच तपासलंय मी. बसवा मला.”

डॉक्टरबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी खांदे पाडले. नाटकाचा पहिला अंक पडदा वर जायच्या आधीच संपला.

मास्तर त्या खोलीत हजारो वेळा गेले होते, पण त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले. खुर्ची करकरते हे पेशंट सांगत, त्यांना मात्र ती कधी करकरलेली ऐकू आली नव्हती. जाड दार लागलं. कानांवर हेडफोन चढले. काचेपलीकडे डॉक्टरबाई यंत्रासमोर बसल्या, त्यांच्यामागे सासरे गुडघ्यांवर हात ठेवून परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे बसले.

पहिले दोन टूं स्पष्ट आले. मास्तरांनी बटण दाबलं. तिसरा जरा लांबून आला. दाबलं. मग बराच वेळ काही आलं नाही. पण यंत्राची चाल त्यांच्या रक्तात भिनली होती. एक टूं, मग श्वासाएवढी जागा, मग दुसरा टूं. त्या हिशोबाने आता एक यायलाच हवा होता. त्यांनी दाबलं. श्वास घेतला. दाबलं. पुन्हा श्वास. दाबलं. चेहऱ्यावर ‘ऐकू येतंय’ असा भाव ठेवला.

डोळे वर केले तेव्हा डॉक्टरबाई हाताची घडी घालून बसल्या होत्या. हेडफोनमधून त्यांचा आवाज आला.

“मास्तर, मी केव्हापासून काहीच वाजवलं नाहीये.”

सासरे तोंडाला रुमाल लावून खोकल्यासारखं करत होते. मास्तर आधी लाल झाले. मग त्यांना तो घड्याळाच्या दुकानाचा मालक आठवला, जो दर वेळी असंच बटण दाबायचा आणि ज्याची गंमत त्यांनी घरी जेवताना सांगितली होती. त्यांना हसू फुटलं. खुर्ची करकरली असावी, कारण ते बराच वेळ हलत होते.

“पहिल्यापासून घ्या,” ते म्हणाले. “आता डोळे मिटून बसतो.”

बाहेर आल्यावर कागद बघायची त्यांना गरज नव्हती. बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेले होते. गायिका, शिट्ट्या, सायरन, बालवाडीतली पोरं आणि बायको. जाडेभरडे आवाज तेवढे शिल्लक होते.

“थोडं वय आहे, आणि बाकीचं कारण हँडलवर बांधून फिरत होतात,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“बाई, म्हणजे या नोकरीचं...” मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. घरापासून इथपर्यंत न आलेली भीती आता आली होती. “बहिरा माणूस कान तपासतोय म्हटल्यावर लोक काय म्हणतील?”

“अहो, टूं पेशंटने ऐकायचं असतं. तुम्ही काचेतून त्याचा चेहरा बघायचा असतो. तेवढं तुमच्याइतकं कुणाला जमतं इथे?” डॉक्टरबाईंनी कपाटातून दोन डब्या काढल्या. “फक्त आता स्वतःलाही तेच सांगा, जे दुसऱ्यांना सांगता. हे लावा. आठ दिवस वापरून बघा.”

ती यंत्रं म्हणजे कानामागे बसणारे चिमुकले दाणे होते. मास्तरांनी ते लावले आणि ते दचकले. त्यांचा स्वतःचा बूट चीं-चीं करत होता. टेबलावरचा कागद पंख्याखाली फडफडत होता. बाहेरच्या खोलीत दवाखान्यातली मुलगी कुणाला तरी हळूच सांगत होती, “अगं, ते टूंमास्तर पोलिसांना घेऊन आलेत आज!”

तेवढ्यात दार उघडून बायको आत आली. घरून तशीच धावत आली असावी, तिच्या बाहीला बालवाडीतल्या खडूची भुकटी अजून होती. ती दाराशीच थांबली. पोरांवर दिवसभर ओरडून झाल्यावर घरच्यांसाठी तिच्याकडे एक हळू आवाज शिल्लक असे. त्या आवाजात तिने विचारलं, “रागावलात?”

“हो, हो...” मास्तरांनी सवयीने सुरुवात केली आणि ते थबकले. या वेळी वाक्य बांधायची गरज नव्हती. ते सबंध आलं होतं, शेवटच्या ‘त’सकट. “नाही,” ते म्हणाले. “नाही रागावलो. पण चौकात सगळ्यांना सांगायच्या आधी मला सांगायचंस.”

“सांगितलं की! दहादा सांगितलं,” बायको म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्ही दहाही वेळा ‘हो हो’ म्हणालात.”

मास्तरांनी तिच्या बाहीवरचा खडू झटकला. बायकोला डॉक्टरबाईंकडून यंत्रांची माहिती समजून घ्यायची होती, म्हणून ती थांबली. जावई आणि सासरे पुढे निघाले.

मास्तरांनी खरवडलेला स्पीकर पट्ट्यात नीट अडकवला आणि लावला. त्याबरोबर त्यांनी दोन्ही हात कानांवर नेले. असा आवाज! हा एवढा आवाज घेऊन आपण घरोघरच्या खिडक्यांखालून गेलो! त्यांनी तो कमी केला. आणखी कमी केला. मोबाईलवर आवाजाच्या दोनच रेघा उरल्या तेव्हा गायिका पहिल्यांदाच किंचाळायची थांबली आणि गाऊ लागली. तिच्यामागे कुणीतरी नाजूक घुंगरू वाजवत होतं. या गाण्यात घुंगरू आहे, हे मास्तरांना इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. ते गुणगुणले नाहीत. नुसते ऐकत, कडेकडेने, सावकाश स्कूटर चालवत राहिले.

मागे सासरे भलतेच खुशीत होते. पंधरा दिवसांचं सोंग उतरलं होतं, जावई रागावला नव्हता, मुलीच्या जिवाला स्वस्थता आली होती. त्यांनी पुढे वाकून जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

“जावईबापू, इतकं काही मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “पोलीस काहीही म्हणो. गाणं लावा की.”

मास्तरांनी स्पीकरकडे पाहिलं. गायिका कडव्याच्या मध्यावर होती. शेजारून सायकलवर चाललेली एक मुलगी त्या गाण्यावर मान डोलवत होती.

“लावलंय, बाबा,” मास्तर म्हणाले.

“आँ?”

मास्तरांनी आरशात पाहिलं. सासऱ्यांचा हात कानाला नव्हता. चेहऱ्यावर सोंग नव्हतं. त्यांनी तो चेहरा जरा वेळ नीट बघितला. मग इंडिकेटर दिला आणि पुढच्या वळणावर स्कूटर परत दवाखान्याच्या दिशेने फिरवली.

“हे काय, मागे का वळलात?” सासऱ्यांनी विचारलं.

“तुमची राहिलीये ना, बाबा,” मास्तर मान वळवून म्हणाले. “टेस्ट!”

“अगदी बेस्ट!” सासरे त्यांची पाठ थोपटत म्हणाले. “असा दिवस फार दिवसांनी गेला.”